टेकडीचं डिझेल

सेबुग्वावोच्या घरातलं ते जुनं भांडण केळीच्या बागेपलीकडे स्पष्ट ऐकू गेलं. तिथल्या शेजारणीने तव्यावरचे शेंगदाणे करपू दिले, पण जागची हलली नाही. भांडणच तसं होतं.

त्याची बायको नांताबा रीतीप्रमाणे नवऱ्यापुढे गुडघे टेकून जेवण वाढत होती. गुडघे टेकले म्हणून बाईची जीभही टेकली, असं मात्र कुणी समजू नये. वाफवलेल्या केळ्यांचं मऊ मातोके पानातून उलगडता उलगडता ती म्हणाली, "नामुलीचे बाबा, मयताच्या किती मंडळांत आहात तुम्ही?"

"चार," सेबुग्वावो छाती काढून म्हणाला. "उद्या माझे डोळे मिटले आणि एक मंडळ नाही आलं, तर दुसरं येईल. दुसरं नाही तर तिसरं. तंबू, लाकडं, भांडी, सगळं घेऊन येतील. तुझी धावपळ होऊ नये म्हणूनच हे."

"आणि चारही मंडळांची मोठी पातेली कुठं असतात?"

"असतील कुठंतरी."

"नाबावेसीच्या पडवीत असतात. एकाच पडवीत, एका कुलपात. चारही मंडळांनी काटकसर केली आणि पातेली सामाईक ठेवली. त्या दिवशी नाबावेसी किल्ली कमरेला लावून माहेरी गेलेली असली, की तुमची चारही मंडळं अंगणात हात हलवत उभी राहणार. लोकांना काय, तुमचे फोटो वाढू?"

"मंडळं चार आहेत ना? नावं चार, अध्यक्ष चार. तुला नाही कळायचं ते."

"मला पातेली कळतात," नांताबा म्हणाली आणि शेंगदाण्याची आमटी त्याच्या पानात अशी ओतली की निम्मी त्याच्या मांडीवर गेली.

या माणसाची सगळी अक्कल त्या एका जेवणात दिसून गेली होती. पुढे त्याने जे काही केलं ते याच अकलेने केलं, फक्त पातेल्यांच्या जागी तारा आल्या.

तरुणपणी सेबुग्वावो टपालखात्याच्या टेलिफोनच्या खांबांवर चढायचा. खांबावर चढलेल्या माणसाला खालचे सगळे बुटके दिसतात, ती सवय त्याला जन्माची लागली. पुढे फोन लोकांच्या खिशात गेले, खांबांवरच्या तारा चोरांनी नेल्या, आणि सेबुग्वावो जमिनीवर आला. बरीच वर्षं त्याने रेडिओ दुरुस्त केले. म्हणजे उघडून ठेवले.

मग त्याला हाजी कासुज्जा भेटले. हाजींचा कॉफीचा व्यापार. मसाका शहरात टेकडीच्या पायथ्याशी मोठी कचेरी, आणि क्योतेरा, लियांतोंडे, कालुंगू इकडे खरेदीची ठाणी. शेतकरी ठाण्यावर पोतं टाकणार, काट्यावरचं वजन त्याच क्षणी मसाक्याच्या कचेरीत दिसणार, आणि शेतकरी रिकाम्या पोत्याची घडी घालतोय तोवर त्याच्या फोनमध्ये पैसे पोचलेले असणार. असं हाजींना हवं होतं. पण लाइन मध्येच गेली की शेतकरी घडी मांडीवर घेऊन बसून राही. शेजारचा व्यापारी रोख नोटांचा पंखा करून वारा घेत उभाच असे. पुढच्या वेळी पोतं परस्पर तिकडे जाई.

राजधानी कंपालाहून एक जाड, खात्रीची, फक्त आपल्यासाठी राखलेली लाइन मिळते, असं हाजींना कुणीतरी सांगितलं. तिची किंमत ऐकून हाजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती घालायची विसरून गेले. हाजी पैसेवाले होते, पण एकाच चहाच्या पुडीला पाहुण्यागणिक नवं पाणी घालणारे पैसेवाले.

सेबुग्वावोने बरोबर ती वेळ साधली. "हाजी, एक जाड दोर कशाला? चार बारीक सुतळ्या घेऊ. घरोघरी फुटबॉल बघायला घेतात ना, तसलं स्वस्तातलं इंटरनेट. चार वेगळ्या कंपन्यांचं. आणि मध्ये एक डबा बसवू. कुठली वाट मोकळी आहे ते डबा बघतो आणि सामान त्या वाटेने पाठवतो. एक वाट बंद झाली तर उरलेल्या तिघींवरून. माणसाला कळतसुद्धा नाही."

"आणि स्वस्त?"

"जाड लाइनीच्या मानाने फुकट म्हणा."

फुकट हा शब्द ऐकल्यावर हाजींना टोपीची आठवण झाली.

खरं ते सांगितलं पाहिजे, डबा चालला. एक लाइन पावसात झोपायची, दुसरी संध्याकाळी पोरं सिनेमे बघायला लागली की धापा टाकायची, पण चौघींना मिळून कॉफीचं वजन पोचवता यायचं. ठाण्यांवर पैसे वेळेवर मिळू लागले. शेजारच्या व्यापाऱ्याला आपला पंखा खिशात घालावा लागला. एवढ्यावर सेबुग्वावो गप्प बसला असता तर तो शहाणा म्हणून मेला असता. पण तो सलूनमध्ये, मशिदीबाहेर, चर्चबाहेर, लग्नात, मयतात, जिथे दोन माणसं उभी दिसतील तिथे चार बोटं वर करून दाखवायचा. "एक तुटली तर तीन. दोन तुटल्या तर दोन. माझं कधी तुटतच नाही!" पोरं त्याला चौबोट्या म्हणायची. त्याला वाटायचं, कौतुकाने म्हणतात.

आता टेकडीचं बघा. कचेरीच्या डोक्यावर जी टेकडी आहे, तिच्यावर एके काळी इंटरनेटच्या कंपनीगणिक एक लोखंडी मनोरा होता. मग त्या कंपन्यांनाही काटकसर सुचली. एकीने दुसरीच्या मनोऱ्यावर आपली सिग्नलची थाळी टांगली, तिसरीने टांगली, चौथीने टांगली, आणि बाकीचे मनोरे पाडून भंगारात काढले. राहिला एकच, आणि त्याला फणसाच्या बुंध्याला फणस लागावेत तशा सगळ्यांच्या थाळ्या लागल्या. हे सेबुग्वावोने पाहिलं नव्हतं असं नाही. पाडलेल्या मनोऱ्याचं लोखंड त्यानेच स्वस्तात उचललं आणि घराला फाटक करून घेतलं. रोज सकाळी तो आपली एक वाट स्वतःच्या हाताने उघडायचा, लावायचा, आणि कामावर जाऊन तीच वाट चारांत मोजायचा.

मनोऱ्याला वीज शहराची. ती गेली की जनरेटर. जनरेटरला राखणदार लुटाया. लुटाया नांताबाचा चुलतभाऊ, म्हणून सेबुग्वावोला दाजी म्हणायचा. मनोऱ्याच्या जनरेटरसाठी टँकरने डिझेल यायचं, आणि लुटाया ते प्लास्टिकच्या पिवळ्या डब्यांतून पंपापेक्षा कमी भावात टेकडीखाली पाठवायचा. त्याला गावात टेकडीचं डिझेल म्हणत, जसं कुणी एखाद्या चांगल्या विहिरीचं पाणी म्हणावं. हाजींचे ट्रक त्यावर चालत. पाद्रीबुवांची गाडी त्यावर चाले. कचेरीचा जनरेटरसुद्धा त्यावरच, आणि ते आणायचं काम सेबुग्वावोचं. दर आठवड्याला तो मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून वर जायचा आणि भरला डबा मांडीवर घेऊन खाली यायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. चोरी म्हणजे कुणाच्या घरातून नेतात ती. टेकडी काय कुणाचं घर आहे?

अशात कंपालाहून ट्वेसिग्ये आला. टोकदार बुटांचा, गुळगुळीत बोलणारा. जाड लाइन विकणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याने हाजींच्या कचेरीतला डबा पाहिला, त्यातून निघालेल्या चार वायरी पाहिल्या, आणि केळीच्या सालीवर पाय पडल्यासारखं तोंड केलं.

"हाजी, एवढा मोठा धंदा तुम्ही या कचऱ्यावर चालवता?"

"कचरा तुमच्या बुटाला लागलाय, सेबो," सेबुग्वावो 'साहेब'साठीचा तो शब्द लांबवत म्हणाला. "माझं कधी तुटत नाही." आणि त्याने चार बोटं वर केली.

हाजींना दोघांना झुंजवण्यात मजा वाटली, कारण झुंज फुकट होती. ते म्हणाले, "कॉफीच्या हंगामाचा पहिला बाजार असेल त्या दिवशी या. तिन्ही ठाणी गच्च भरलेली असतील. दिवसभर याची वळलेली सुतळी टिकली, तर ती राहील आणि हाही राहील, म्हातारा होईपर्यंत. नाही टिकली तर तुमची जाड लाइन घेईन. मग याला ठेवून करू काय? घरी जाऊन केळी राखेल."

सेबुग्वावो हसला, पण घरी येऊन त्याने फाटक दोनदा लावलं. नामुलीचं कॉलेज अजून व्हायचं होतं. आणि कॉलेज बाजूला ठेवलं तरी, खांबावरून एकदा उतरवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा उतरणं जड जातं. सलूनमध्ये मग किती बोटं दाखवायची?

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी नाकतोडे आले.

मे महिन्यात ते येतात आणि लोक ते धरून तळून खातात, पण असे थवेच्या थवे कधीतरीच. आभाळ हिरवं दिसायला लागलं. मग सगळ्या मसाक्याला जे होतं ते झालं. छपराचे पत्रे निघाले, पिंपं निघाली, पिंपांत पत्रे उभे राहिले, आणि त्यांच्यावर सूर्याच्या तोंडात मारतील असले दिवे टांगले गेले. दिव्याला भुलून नाकतोडा येतो, पत्र्यावर आपटतो, घसरून पिंपात पडतो. एवढी साधी गोष्ट; तिच्यासाठी अख्ख्या शहराने एकाच वेळी दिवे लावले आणि शहराची वीज जी गेली ती गेलीच. मग प्रत्येकाला जनरेटर आठवला, आणि जनरेटर आठवला की टेकडी.

सेबुग्वावो दिवेलागणीलाच वर पोचला. तिथे रांग होती.

"मेव्हण्या, मला दोन डबे हवेत. एक कचेरीचा. उद्या माझी परीक्षा आहे, कचेरीत अंधार नको."

"आणि दुसरा?" लुटायाने विचारलं.

"तुझ्या बहिणीला नाकतोडे आवडतात."

"बहिणीला की तुम्हाला?" लुटाया नळी टाकीत खोल घालत म्हणाला. नळी तळाला खरवडली. "घ्या दाजी. तुमचं नशीब, शेवटचे आहेत."

मागे उभ्या असलेल्या माणसाने कपाळावर हात मारला. सेबुग्वावो मात्र खूष झाला. दुसऱ्यांना न मिळालेली वस्तू मिळाली की माणसाला ती वस्तू काय आहे ते दिसत नाही. त्याने डब्यांच्या तोंडात कच्ची केळी दाबून बुचं केली आणि शीळ घालत खाली उतरला. मनोऱ्याचा जनरेटर मागे घरघरत होता, उरल्यासुरल्यावर.

सकाळी अंगणात पोतंभर नाकतोडे होते. नांताबा पंख आणि तंगड्या खुडत बसली होती.

"कंपालाच्या पाहुण्यांसाठी परातभर तळून आण," सेबुग्वावो म्हणाला. "कांदा घालून. आज हाजी माझी पाठ थोपटणार."

"रीत माहीत आहे ना? बायकोने नाकतोडे साफ केले की नवऱ्याने तिला नवं गोमेसी शिवून द्यायचं. टोकदार बाह्यांचं. निळं."

"आज संध्याकाळी घेऊ. दोन घेऊ!"

"एकच घ्या. पण घ्या," नांताबा म्हणाली.

कचेरीत हाजींनी खुर्च्या मांडल्या होत्या. शहराची वीज अजून आलेली नव्हती, पण कचेरीचा जनरेटर टेकडीच्या डिझेलवर ठणठणीत चालला होता. पडद्यावर तिन्ही ठाण्यांची वजनं भराभर उमटत होती. ट्वेसिग्ये आपली दोन माणसं घेऊन आला आणि पुढच्या रांगेत बसला.

"ओढा," सेबुग्वावो म्हणाला. "कुठलीही वायर ओढा."

ट्वेसिग्येने एक ओढली. क्योतेऱ्याचं वजन उमटत राहिलं. दुसरी ओढली. लियांतोंड्याचे पैसे गेले. हाजी मांडीवर थाप मारून हसले.

"तिसरी पण ओढा, सेबो. लाजता कशाला? पाहुणे आहात!"

तिसरी निघाली. पडदा जरा अडखळला, पण वजनं येतच राहिली. एका बारीक सुतळीवर हाजींचा अख्खा हंगाम लोंबकळत होता आणि तुटत नव्हता. ट्वेसिग्येने रुमाल काढून मान पुसली. तेवढ्यात नांताबा परात घेऊन आली आणि रीतीप्रमाणे गुडघे टेकून तिने ती पाहुण्यांपुढे ठेवली. हाजींनी पहिली मूठ घेतली, ट्वेसिग्येने दुसरी. कुरुमकुरुम आवाज सुरू झाला.

सेबुग्वावोने तिन्ही वायरी परत जागेवर लावल्या. सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. "एका लाइनीवर बघितलंत. आता चारही जोडल्या. आता हत्ती येऊन नाचला तरी..."

पडदा थिजला.

कुणी कशाला हात लावला नव्हता. डब्यावरचे चारही बारके दिवे एकदम लाल झाले. सेबुग्वावोने एक वायर दाबली, दुसरी दाबली. मग बाहेर काहीतरी वेगळं आहे असं सगळ्यांना वाटलं, आणि काय ते कळायला थोडा वेळ लागला. टेकडीवरची घरघर थांबली होती. ती इतकी रोजची होती की थांबल्यावरच ऐकू आली.

हाजींनी लुटायाला फोन लावला. फोन कसला लागतोय? तोही त्याच मनोऱ्याचा.

सेबुग्वावो मोटारसायकलवर बसून वर गेला. लुटाया मनोऱ्याच्या पायथ्याशी बसून नाकतोड्यांचे पंख खुडत होता.

"जनरेटर का बंद?"

"तहान लागली असेल."

"मग डिझेल घाल ना!"

"दाजी," लुटाया अगदी समजुतीने म्हणाला, "डिझेल तुम्ही नेलंत. शेवटचे दोन डबे."

"बॅटऱ्या?"

"त्या तर गेल्या वर्षीच टेकडी उतरून गेल्या. एक पाद्रीबुवांच्या टीव्हीखाली आहे."

सेबुग्वावोने वर पाहिलं. एका मनोऱ्यावर चारही कंपन्यांच्या थाळ्या शेजारी शेजारी, एका रांगेत, मेल्यासारख्या. त्याने त्या आजवर हजारदा पाहिल्या होत्या.

खाली येऊन त्याला सांगावं लागलं की टेकडीवरचं डिझेल संपलं आहे. कुठं संपलं हे कुणी विचारलं नाही. हाजींचे ट्रक अंगणात उभे होते आणि हाजी त्यांच्याकडे बघत नव्हते.

"म्हणजे तुमच्या चारही लाइनी," ट्वेसिग्ये नाकतोडा चावत म्हणाला, "एकाच जनरेटरवर?"

"कंपन्या चार आहेत," सेबुग्वावो म्हणाला. "नावं चार..."

"आणि पातेली?" नांताबा रिकामी परात उचलता उचलता हळूच म्हणाली. ट्वेसिग्येला काही कळलं नाही. सेबुग्वावोला कळलं.

मग जे झालं ते बघायला ठाण्यावरचे शेतकरी तिथे नव्हते म्हणून बरं, नाही तर त्यांनी हसून हसून पोती फाडली असती. मनोऱ्याला पैसे न मोजता पाजायला एकच डिझेल होतं, कचेरीच्या जनरेटरमधलं. ते सेबुग्वावोने स्वतः नळी तोंडात धरून ओढून काढलं. मनोरा जागा झाला आणि कचेरी अंधारात गेली. मग नाइलाजाने पंपावरून, पंपाच्या दराने, शुद्ध डिझेल आणून कचेरी जागी केली. असलं डिझेल कचेरीच्या जनरेटरने बहुतेक प्रथमच चाखलं. तोवर तिकडे शेजारच्या व्यापाऱ्याचा पंखा बाहेर निघाला होता आणि क्योतेऱ्याची बरीचशी कॉफी पलीकडच्या काट्यावर चढली होती.

"सेबुग्वावो," हाजी म्हणाले, "तू बोलायला चांगला होतास."

बोलण्यात 'होतास' आलं तेव्हाच सगळे समजले. हाजींनी पुढे एवढंच सांगितलं की नवी लाइन बसेपर्यंत त्याने कामावर यावं, कारण त्याच्याशिवाय तो डबा कुणाला कळत नाही. त्या संध्याकाळी गोमेसीचा विषय निघाला नाही. निळं कापड नांताबाने पुढे स्वतःच घेतलं, नाकतोडे बाजारात विकून.

जाड लाइन हंगाम संपता संपता आली. तिच्यासाठी कंपालाहून रस्त्याकडेने चर खणत आले आणि टेकडीच्या पायथ्याशी येऊन खडक लागल्यावर थांबले. खडक फोडणं महाग. ट्वेसिग्येने, आपल्या कंपनीची काटकसर म्हणून, उरलेला तुकडा हवेतून आणायचं ठरवलं.

उद्‌घाटनाच्या दिवशी कचेरीला केळीची पानं बांधली होती. तंबू होता, बकरा शिजत होता, हाजींनी नवी टोपी घातली होती. सेबुग्वावोचा तो शेवटचा दिवस. त्याने सकाळीच आपला डबा भिंतीवरून काढला होता आणि चार वायरी गुंडाळून बाजूला ठेवल्या होत्या.

हाजींनी त्याला हाक मारली. "अरे, वीज गेलीय आणि कचेरीचा जनरेटर रिकामा आहे. पाहुणे येतील आता. जा, घेऊन ये."

"पंपावरून?"

हाजींनी इकडे तिकडे पाहिलं. "पंप लांब आहे."

पंप समोर होता. सेबुग्वावोने पिवळा डबा उचलला आणि मोटारसायकलवाल्याच्या मागे बसला.

वर लुटाया नेहमीच्या जागी होता. मनोऱ्याचा जनरेटर घरघरत होता. जुन्या थाळ्यांच्या वर एक नवी, मोठी, पांढरीशुभ्र थाळी लागली होती, आणि तिच्यावर ट्वेसिग्येच्या कंपनीचं नाव होतं.

"ही पण इथंच?" सेबुग्वावोने विचारलं.

"मग कुठं जाईल बिचारी?" लुटाया म्हणाला. "टँकर मात्र तेवढाच येतो, दाजी. खाणारी तोंडं वाढली. किती भरू?"

सेबुग्वावो त्या थाळीकडे बघत राहिला. खालून तंबूतल्या ढोलाचा आवाज येत होता. सांगायचं म्हटलं तर खाली जाऊन सांगता आलं असतं. हाजी काय म्हणतील तेही त्याला ठाऊक होतं. ते म्हणतील, तू बोलायला चांगला होतास.

"काठोकाठ भर," तो म्हणाला.

लुटायाने नळी टाकीत सोडली. डबा भरल्यावर सेबुग्वावोने बागेतून आणलेलं कच्चं केळं त्याच्या तोंडात दाबून बसवलं, डबा उलटा करून गळत नाही ना ते बघितलं, लुटायाच्या हातात ठरलेले पैसे ठेवले आणि डबा मांडीवर घेऊन मोटारसायकलवर बसला.

"सावकाश चल," त्याने मोटारसायकलवाल्याला सांगितलं. "सांडलं तर फुकट जाईल."